एर्ट्सगेबिर्गे अर्थात क्रुश्ने होरी : सीमेवरच्या खनिजसंपन्न डोंगररांगेचे नाव आणि इतिहास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा प्रदेश नेमका कोठे आहे?

जर्मनीतील सॅक्सनी हे राज्य आणि चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया यांच्या मधोमध, नैऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे १५० किलोमीटर लांब आणि साधारण ४० किलोमीटर रुंद अशी एक डोंगररांग पसरली आहे. जर्मन भाषक तिला एर्ट्सगेबिर्गे म्हणतात आणि चेक भाषक क्रुश्ने होरी. दोन्ही देशांची सीमा बहुतांशी तिच्या माथ्याजवळून जाते. सर्वांत उंच शिखर क्लिनोव्हेत्स (१,२४४ मीटर) चेक बाजूला आहे आणि त्याच्या समोरच, सीमेपलीकडे, जर्मन बाजूचे फिख्टेलबेर्ग (१,२१५ मीटर) उभे आहे.

या रांगेची ठेवण समजून घेतली, तर पुढचा बराच इतिहास सोपा होतो. उत्तरेकडे, म्हणजे सॅक्सनीत, डोंगर सावकाश उतरत जातो. दक्षिणेकडे मात्र तो एकदम कड्यासारखा खाली येतो. सौम्य उताराच्या बाजूला लांबलचक ओढे, पाणचक्क्या आणि एकमेकांना लागून असलेली गावे वाढली. कड्याच्या पायथ्याशी तपकिरी कोळशाचे प्रचंड साठे असलेले खोरे आहे, आणि त्याची किंमत डोंगरावरच्या जंगलाला विसाव्या शतकात मोजावी लागली.

'एर्ट्सगेबिर्गे' आणि 'क्रुश्ने होरी' या नावांचा अर्थ काय?

जर्मन नाव सरळ आहे. 'एर्ट्स' म्हणजे धातुक, ज्या खनिजातून धातू काढता येतो ते. आणि 'गेबिर्गे' म्हणजे डोंगररांग. चेक नावातील 'होरी' म्हणजे डोंगर. 'क्रुश्ने' या विशेषणाचे मूळ धातुकासाठी असलेल्या जुन्या चेक शब्दात आहे आणि तो शब्द फोडणे, तुकडे करणे या क्रियेशी जोडला जातो. म्हणजे दोन्ही नावे एकच गोष्ट सांगतात.

फरक पडला तो नंतर. धातुकासाठी आजच्या चेक भाषेत 'रुदा' हा वेगळाच शब्द रुळला, आणि 'क्रुश्नी' हा शब्द उरला तो खडतर, कष्टप्रद या अर्थाने. त्यामुळे आजच्या चेक माणसाच्या कानाला हे नाव 'खडतर डोंगर' असेच ऐकू येते. तेथील हिवाळा, पातळ माती आणि विसाव्या शतकात या भागाच्या वाट्याला आलेले भोग पाहता हा दुसरा अर्थ लोकांना पटतो यात नवल नाही. तरी व्युत्पत्ती म्हणून तो मांडणे चूक आहे आणि अनेक प्रवासवर्णनांत ही चूक आढळते.

त्याआधी या डोंगरांना काय म्हणत?

धातू सापडण्यापूर्वी हा प्रदेश लोकांच्या लेखी फक्त जंगल होता आणि त्याची जुनी नावेही जंगलाचीच आहेत. इ.स. ८०५ मध्ये शार्लमेन या फ्रँक सम्राटाच्या मुलाने बोहेमियावर स्वारी केली, तेव्हाच्या एका बखरीत ही रांग 'फेर्गुना' या नावाने येते. गॉथिक भाषेतील पर्वतवाचक शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. अकराव्या शतकाच्या आरंभी मेर्सेबुर्गचा बिशप थिटमार याने आपल्या बखरीत 'मिरिक्विदी' हे नाव नोंदवले. त्याचा अर्थ काळोखे अरण्य असा लावतात, आणि जुन्या नॉर्स काव्यांत येणारे 'मिर्कविद' हे अरण्यनाम त्याच घराण्यातले आहे. याशिवाय 'बोहेमियाचे अरण्य' अशा अर्थाचे सर्वसामान्य उल्लेखही त्या काळच्या लेखनात मिळतात.

संपूर्ण रांगेला 'धातुकांचे डोंगर' हे नाव लिखाणात येऊ लागले ते थेट सोळाव्या शतकाच्या अखेरीस. चांदी सापडून तोवर चारशे वर्षे होऊन गेली होती. मधल्या काळात लोक एखाद्या खाणीचे, गावाचे किंवा सरंजामदाराच्या मुलखाचे नाव घेत. सगळ्या डोंगराला एक नाव द्यावे अशी गरज पडली, ती त्या सर्व वस्त्या एकाच धंद्याने बांधल्या गेल्यावर.

येथे इतकी खनिजे का सापडतात?

सुमारे तीस ते पस्तीस कोटी वर्षांपूर्वी युरोपात एक मोठी पर्वतनिर्मिती झाली. त्या काळात जमिनीखालून ग्रॅनाइटचा रस वर घुसला आणि थंड होताना त्यातून निघालेले उष्ण, क्षारयुक्त पाणी आजूबाजूच्या खडकांतील भेगांत शिरले. त्या पाण्यातून कथील, टंगस्टन आणि लिथियमयुक्त अभ्रक ग्रॅनाइटच्या माथ्याजवळ साचले, तर चांदी, शिसे, जस्त, कोबाल्ट, निकेल, बिस्मथ आणि युरेनियम हे निरनिराळ्या काळांत भेगांमध्ये पातळ शिरांच्या रूपाने जमा झाले. पुढे कितीतरी नंतर दक्षिणेकडच्या प्रस्तरभंगामुळे हा सगळा ठोकळा एका बाजूने उचलला गेला, वरचे थर झिजले आणि या शिरांची तोंडे उघडी पडली.

एकाच भेगेत वेगवेगळ्या काळांतील धातू सापडतात, ही या प्रदेशाची खासियत आहे. त्यामुळेच एकाच गावातील एकच खाण पाचशे वर्षांत आधी चांदीसाठी, मग कोबाल्टसाठी आणि शेवटी युरेनियमसाठी चाललेली दिसते.

चांदीचा शोध केव्हा आणि कसा लागला?

इ.स. ११६८ मध्ये आजच्या फ्रायबेर्गच्या जागी असलेल्या क्रिस्टियान्सडोर्फ या शेतकरी वस्तीत. आख्यायिका अशी की, मिठाच्या गाड्या बोहेमियाकडे हाकणाऱ्या गाडीवानांना चाकोरीत एक चमकता दगड दिसला आणि त्यांनी तो हार्ट्स पर्वतातील गोस्लार या खाणींच्या गावी नेऊन तपासून घेतला. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी बातमी फुटली आणि लोक लोटले हे खरे. या घटनेला जर्मनमध्ये 'बेर्गगेश्राय' म्हणतात, म्हणजे डोंगरातल्या खाणींची उठलेली हाकाटी.

मायसेनचा मारग्राव्ह (सीमाप्रांताचा अधिपती) ओटो याने या संधीचा उपयोग शहाणपणाने केला. येणाऱ्या कोणालाही चांदी शोधण्याची मुभा देण्यात आली. मोबदल्यात उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सत्तेकडे जाई. वेठबिगारीत जखडलेल्या शेतकऱ्यांच्या त्या युगात हे स्वातंत्र्य फार मोठे होते आणि फ्रायबेर्ग, म्हणजे 'मुक्त डोंगर', या नावात त्याची आठवण राहिली आहे. ओटोला पुढे 'श्रीमंत ओटो' हे नाव पडले. (नैऋत्य जर्मनीतील फ्रायबुर्ग हे शहर वेगळे, दोघांची गल्लत वारंवार होते.)

मग सर्वाधिक भरभराटीचा काळ कोणता?

पंधराव्या शतकाचा शेवट आणि सोळाव्याचा पूर्वार्ध. १४७० च्या दशकात श्नेबेर्गला मोठा साठा लागला आणि दुसरी हाकाटी उठली. १४९० च्या दशकाच्या आरंभी श्रेकनबेर्ग या डोंगरात चांदी सापडली आणि १४९६ मध्ये त्याच्या शेजारी आनाबेर्ग शहर वसवण्यात आले. १५१६ मध्ये बोहेमियाच्या बाजूला श्टेफान श्लिक या सरदाराने याखिमोव्ह (जर्मनमध्ये योआखिम्स्टाल) वसवले आणि १५२१ मध्ये मारिएनबेर्ग उभे राहिले. मारिएनबेर्गचा आराखडा उल्रिख र्‍यूलाइन या वैद्य आणि गणितज्ञाने आखला होता : मध्ये भला मोठा चौरस बाजारचौक आणि त्यातून काटकोनात निघणारे रस्ते. निबिड जंगलात, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर असे आखीव नगर उठले, याचे श्रेय चांदीवरच्या विश्वासाला द्यावे लागते. याखिमोव्हची वाढ तर थक्क करणारी होती. स्थापनेनंतर अवघ्या दोन दशकांत त्याची लोकसंख्या सुमारे १८,००० झाली आणि बोहेमियात प्रागखालोखाल त्याचा क्रमांक लागू लागला.

त्या काळाचे चित्र पाहायचे असेल, तर आनाबेर्गच्या सेंट ॲनच्या चर्चमधील खाण-वेदीच्या मागच्या बाजूला जावे. हान्स हेस्से या चित्रकाराने १५२१ मध्ये तेथे डोंगराचा एक संपूर्ण कामाचा दिवस रंगवला आहे. खाणीच्या तोंडाशी राहाट फिरवणारी माणसे, दगड वाहून नेणाऱ्यांची ये-जा, धातुक धुण्याचे काम, भट्टी आणि अखेरीस नाणी पाडणारा टांकसाळीतला कारागीर, असा दगडापासून पैशापर्यंतचा सगळा प्रवास त्यात आहे. डानिएल क्नाप्पे या खाणकऱ्याला देवदूताने झाडाखाली चांदी दाखवल्याची लोककथाही त्यातच आली आहे. धर्मकथेसाठी राखीव असलेल्या जागेवर कामकऱ्यांचे काम इतक्या तपशिलाने रंगवलेले त्या काळात क्वचितच सापडते. हे चित्र खाणकऱ्यांच्या बंधुसंघाच्या देणगीतून झाले, म्हणजे ज्यांचे काम त्यांचेच पैसे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

खाणींसाठी पैसा कोण घालत असे?

खोल खाण एकट्यादुकट्याच्या ऐपतीबाहेरची होती, म्हणून खाणीचे भाग पाडून विकले जात. साधारणपणे एका खाणीचे १२८ भाग असत आणि त्या भागाला 'कुक्स' म्हणत. हा शब्द चेकमधून जर्मनमध्ये आला. लाइपझिग आणि न्यूरेनबर्गचे व्यापारी, मठ, नगरपालिका, सरदार असे अनेक जण भागधारक होते. चांदी लागली तर नफा वाटला जाई, आणि लागली नाही तर भागधारकांना खर्चासाठी आणखी पैसे भरावे लागत. खाली उतरणारा कामगार मात्र आठवड्याच्या मजुरीवर जगे. मजुरी थकली, धान्य महागले की असंतोष पेटे. १५२५ मध्ये, जर्मन शेतकरी युद्धाच्या काळात, योआखिम्स्टालचे खाणकामगार उठाव करून उठले होते.

'डॉलर' हा शब्द येथूनच आला, हे खरे आहे काय?

होय, आणि हा तर्क नसून निर्विवाद गोष्ट आहे. श्लिक घराण्याने १५२० च्या सुमारास योआखिम्स्टालच्या चांदीतून मोठी, जाड नाणी पाडायला सुरुवात केली. सुमारे २९ ग्रॅम वजनाच्या त्या नाण्याच्या एका बाजूला संत योआखिम आणि श्लिक घराण्याचे मानचिन्ह होते, तर दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह आणि राजा लुडविगचे नाव. लोक त्या नाण्याला 'योआखिम्स्टालर' म्हणू लागले, पुढे बोलण्यात त्याचे नुसते 'टालर' झाले. डच भाषेत 'डाल्डर', स्कँडिनेव्हियात 'डालर' आणि इंग्रजीत 'डॉलर' अशी त्याची रूपे झाली. चलन इतके चालले की राजाला ते सरदाराच्या हाती राहू देणे परवडेना. १५२८ मध्ये राजा फर्डिनांडने टांकसाळ आपल्या ताब्यात घेतली.

याच घराण्यातले एक नाणे, ऑस्ट्रियाचा मारिया तेरेसा टालर, लाल समुद्र आणि अरबी समुद्राच्या व्यापारात एकोणिसाव्या-विसाव्या शतकापर्यंत चालत राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथिओपियात ते चलन लागत असल्यामुळे ब्रिटिशांनी ते मुंबईच्या टांकसाळीतही पाडून घेतले होते. याखिमोव्हच्या दरीत जन्मलेले नाव अशा रीतीने फोर्टपर्यंत येऊन पोचले.

या प्रदेशाने विज्ञानाला काय दिले?

या प्रश्नाला हात घालताना आधी गेओर्ग आग्रिकोला याचे नाव घ्यावे लागते. तो १५२७ मध्ये योआखिम्स्टालमध्ये नगरवैद्य म्हणून आला, रोग्यांबरोबर खाणी पाहू लागला आणि कामगार, मुकादम, भट्टीवाले यांना विचारून त्यांचे ज्ञान टिपू लागला. त्याचा 'दे रे मेतालिका' हा लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ मध्ये, बाझल येथे प्रसिद्ध झाला. त्यातील २९२ काष्ठचित्रांत राहाट, पाणचक्क्या, पाणी उपसण्याचे पंप, धातुक कुटण्याची यंत्रे असे सगळे इतक्या बारकाव्याने दाखवले आहे की सुतार त्यावरून यंत्र बनवू शकेल. दोनशे वर्षे तो खाणशास्त्राचा आधारग्रंथ राहिला. १९१२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद हर्बर्ट हूवर आणि लू हेन्री हूवर या दांपत्याने केला, ज्यांपैकी हर्बर्ट पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. माझ्या मते या ग्रंथाचे मोठेपण असे की, तोवर हातांनी आणि तोंडी चालत आलेल्या कामकऱ्यांच्या ज्ञानाला त्याने विद्येचा दर्जा दिला.

आनाबेर्गमध्ये आडाम रीस हा हिशेबतज्ज्ञ खाणखात्यात नोकरीला होता. त्याने सामान्य माणसाच्या जर्मनमध्ये अंकगणिताची पुस्तके लिहिली आणि भारतीय-अरबी अंकांनी आकडेमोड करण्याची रीत लोकांत रुजवली. हिशेब बरोबर आला की 'आडाम रीसच्या मते' असे जर्मन लोक आजही म्हणतात.

फ्रायबेर्गची खाण अकादमी १७६५ मध्ये सुरू झाली. आब्राहाम वेर्नर याने तेथे खनिजशास्त्र शिकवले, आणि अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट त्याचा विद्यार्थी होता. इंडियम (१८६३) आणि जर्मेनियम (१८८६) ही दोन मूलद्रव्ये फ्रायबेर्गमध्येच प्रथम ओळखली गेली. जर्मेनियम क्लेमेन्स विंक्लर याला जवळच्याच खाणीतल्या एका चांदीच्या खनिजात सापडले.

कोबाल्ट आणि निकेल या नावांचा येथील खाणींशी काय संबंध?

जर्मन खाणकऱ्यांचा डोंगरात राहणाऱ्या खोडकर भुतांवर विश्वास होता. चांदीसारखी किंवा तांब्यासारखी दिसणारी काही धातुके भट्टीत घातली की धातू हाती लागत नसे, उलट आर्सेनिकचा विषारी धूर निघे. हे 'कोबोल्ड' किंवा 'निकेल' या भुतांचे काम, असे ते म्हणत. पुढे स्वीडिश रसायनज्ञांनी, ब्रांटने १७३० च्या दशकात आणि क्रोनस्टेटने १७५१ मध्ये, त्यांतील नवे धातू ओळखले आणि खाणकऱ्यांच्या शिव्यांनाच मूलद्रव्यांच्या नावांचा मान मिळाला. श्नेबेर्गच्या परिसरात कोबाल्टपासून निळा रंग तयार करण्याचे कारखाने निघाले. मायसेनच्या चिनीमातीच्या भांड्यांसाठी लागणारी पांढरी माती आरंभी याच डोंगरातल्या आउए येथून जाई.

सीमा केव्हा ठरली? ती नेहमीच अशी होती काय?

१४५९ मध्ये एगर (आजचे चेब) येथे सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्यात करार झाला आणि ही सीमा ठरली. युरोपातील सर्वांत जुन्या, आजही टिकून असलेल्या सीमांमध्ये तिची गणना होते. नंतरचा ठळक बदल एकच : १५४७ च्या युद्धानंतर श्वार्त्सेनबेर्ग मुलखाचा दक्षिण भाग, ज्यात बोझी दार आणि होर्नी ब्लात्ना ही खाणगावे होती, बोहेमियाकडे गेला.

नकाशावर रेघ असली, तरी माणसांच्या दृष्टीने ती फार काळ पुसटच होती. दोन्ही उतारांवर मुख्यतः जर्मन बोलली जाई, खाणकरी या खाणीतून त्या खाणीत जात, कायदेकानून एकमेकांकडून घेतले जात. पहिला मोठा तडा पडला तो धर्मामुळे. १६२० नंतर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याने बोहेमियात पुन्हा कॅथलिक पंथ लादला, आणि प्रोटेस्टंट खाणकरी कुटुंबे घरेदारे टाकून सॅक्सनीत गेली. १६५४ मध्ये अशाच निर्वासितांनी सीमेला लागून योहानगेओर्गेनश्टाट वसवले.

चांदीचे वैभव का ओसरले?

उथळ, समृद्ध शिरा संपल्या आणि खोल जावे तसे पाणी उपसण्याचा खर्च वाढत गेला. अमेरिकेतून स्वस्त चांदी येऊ लागली. तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८ ते १६४८) गावे उजाड केली. फ्रायबेर्गने उत्तम जलव्यवस्थेच्या बळावर त्यानंतरही तग धरला. मात्र १८७० च्या दशकात जर्मन साम्राज्याने सुवर्णमान, म्हणजे चलनाला सोन्याचा आधार, स्वीकारला, चांदीचे भाव कोसळले आणि १९१३ मध्ये तेथील चांदीच्या खाणी बंद झाल्या.

युरेनियमचा इतिहास इतका महत्त्वाचा का मानला जातो?

चांदीची शीर संपत आली की खाणकऱ्यांना काळा, जड, डांबरासारखा चकाकणारा एक दगड लागे. त्याला ते 'पेखब्लेंड' म्हणत आणि टाकून देत. १७८९ मध्ये क्लाप्रोट या बर्लिनच्या रसायनज्ञाने योहानगेओर्गेनश्टाटहून आलेल्या याच दगडात युरेनियम शोधले. एकोणिसाव्या शतकात याखिमोव्हमध्ये त्यापासून काच आणि चिनीमातीसाठी पिवळे, हिरवे रंग तयार करण्याचा कारखाना चालला. रंग काढून घेतल्यावर उरलेला चोथा जवळच्या जंगलात टाकत. मारी आणि पिएर क्यूरी यांना ऑस्ट्रियन सरकारकडून मिळाला तो हाच चोथा. पॅरिसला पोचलेल्या पोत्यांत तपकिरी भुकटीबरोबर बोहेमियातल्या पाइनच्या सुया मिसळलेल्या होत्या. कित्येक टन माल उकळून, गाळून, स्फटिक करून १९०२ पर्यंत हाती आले एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. लवकरच याखिमोव्हच्या खाणीतले किरणोत्सारी पाणी औषधी म्हणून नावाजले गेले आणि १९०६ पासून तेथे उपचारकेंद्र सुरू झाले, ते आजही चालू आहे.

श्नेबेर्गच्या खाणकऱ्यांना छातीचा एक जीवघेणा आजार होतो, हे शतकानुशतके माहीत होते. १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेस्से या डॉक्टरांनी तो फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे दाखवले. त्याला कारण असलेला रेडॉन वायू पुढे ओळखला गेला. म्हणजे धोका आधीच कळलेला होता, आणि हेच लक्षात ठेवून पुढचा भाग वाचला पाहिजे.

१९४५ नंतर सोव्हिएत संघाला अणुबॉम्बसाठी युरेनियम हवे होते आणि ते या डोंगराच्या दोन्ही बाजूंना होते. सॅक्सनीत १९४७ मध्ये विस्मुट ही सोव्हिएत कंपनी उभी राहिली. नाव बिस्मथ या निरुपद्रवी धातूचे, काम युरेनियमचे. हजारो माणसांना सक्तीने खाणीत पाठवले गेले, सुरुवातीच्या वर्षांत कोरडे छिद्रण चाले आणि धूळ थेट छातीत जाई. योहानगेओर्गेनश्टाटचा जुना भाग खालची जमीन पोखरली गेल्यामुळे १९५० च्या दशकात पाडावा लागला. १९९० पर्यंत विस्मुटने सॅक्सनी आणि थुरिंगिया मिळून सुमारे २,३१,००० टन युरेनियम काढले. त्याच्या बदल्यात हजारो कामगारांना कर्करोग आणि धुळीचा आजार जडला. खाणी बुजवणे, ढिगारे झाकणे, पाणी शुद्ध करणे हे काम जर्मन सरकार १९९१ पासून करत आहे आणि त्यावर अब्जावधी युरो खर्च झाले आहेत.

चेक बाजूला हे काम आधी जर्मन युद्धकैद्यांकडून आणि १९४८ मध्ये साम्यवादी सत्ता आल्यावर राजकीय कैद्यांकडून करून घेतले गेले. शेतकरी, विद्यार्थी, धर्मगुरू, माजी सैनिक अशा हजारोंना याखिमोव्हच्या परिसरातील छावण्यांत ठेवले होते. ओस्त्रोव्हजवळच्या व्हिक्मानोव्ह येथील लाल विटांच्या एका उंच इमारतीत कैदी उघड्या हातांनी युरेनियमचे धातुक दळत आणि पिंपांत भरत. लोक तिला 'मृत्यूचा लाल मनोरा' म्हणतात. चांदी, टालर आणि नाताळची खेळणी एवढ्यावर या प्रदेशाची कहाणी संपवणारे लेखन मला अपुरे वाटते ते या मनोऱ्यामुळे.

चेक बाजूच्या गावांना दोन-दोन नावे का आहेत?

कारण १९४५ पर्यंत तेथे मुख्यतः जर्मन भाषक राहत. १९३८ च्या म्यूनिक करारानंतर हा सीमाभाग हिटलरच्या जर्मनीने घेतला. युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनांना बाहेर काढण्यात आले. खाणकामासारख्या कौशल्याच्या कामांसाठी थोडे लोक मागे ठेवले गेले. नवे रहिवासी देशाच्या आतल्या भागातून आणि दुरून आले, पण सगळी घरे भरली नाहीत; कित्येक वस्त्या उजाड झाल्या, पाडल्या गेल्या. चांदीचे जुने गाव प्रिसेच्निसे तर १९७० च्या दशकात धरणाखाली गेले. त्यामुळे जुनी कागदपत्रे वाचताना योआखिम्स्टाल म्हणजे याखिमोव्ह, प्लाटेन म्हणजे होर्नी ब्लात्ना, गोटेसगाब म्हणजे बोझी दार, त्सिनवाल्ड म्हणजे सिनोव्हेत्स अशी जोडी लक्षात ठेवावी लागते. इतिहास लिहिताना दोन्ही नावे द्यावीत. एकच नाव दिले, की कोणाची तरी पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती पानावरून पुसली जाते.

हा प्रदेश म्हणजेच सुडेटेनलँड काय? सुडेटेस पर्वत तो हाच का?

भूगोलात नाही. सुडेटेस पर्वत एल्ब नदीच्या पूर्वेला आहे. 'सुडेटेनलँड' ही मात्र विसाव्या शतकातील राजकीय संज्ञा होती आणि तिच्यात बोहेमियाचा सगळाच जर्मनभाषक सीमाभाग, म्हणून या रांगेची चेक बाजूही, धरली जाई. स्लोव्हाकियातही 'धातुकांचे डोंगर' अशाच अर्थाचे नाव असलेली एक रांग आहे. तिचा येथे संबंध नाही.

तेथील जंगल मेले होते, असे म्हणतात ते काय?

पायथ्याच्या खोऱ्यातील तपकिरी कोळशात गंधक फार. तो जाळणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुरामुळे १९७० आणि १९८० च्या दशकांत माथ्यावरची स्प्रूसची झाडे हेक्टरच्या हेक्टर वाळून गेली. त्याच कोळशासाठी मोस्त हे जुने शहर पाडण्यात आले. तेथील गॉथिक चर्च तेवढे १९७५ मध्ये रुळांवर चढवून ८४१ मीटर दूर सरकवले गेले. १९९० नंतर धुरातले गंधक रोखले गेले आणि नवी लागवड वाढली आहे.

नाताळच्या लाकडी वस्तूंचा खाणींशी काय संबंध?

खाणी बसल्या, तेव्हा माणसे हाताला येईल त्या कामाकडे वळली : बायका लेस विणू लागल्या, पुरुष लाकूड कातू लागले. झायफेन हे गाव मुळात ओढ्यातली वाळू धुऊन कथील मिळवणाऱ्यांचे. नावही त्या धुण्यावरूनच पडले. तेथे खेळण्यातले प्राणी करण्याची पद्धत विलक्षण आहे. कारागीर ओल्या लाकडाची चकती चरकावर धरून तिच्यात गोल खाचा पाडत जातो, आणि त्यात कोणता प्राणी दडला आहे हे बघणाऱ्याला अजिबात कळत नाही. मग ती कडी केकसारखी उभी कापली की प्रत्येक फोडीतून एकाच आकाराचा घोडा किंवा गाय निघते. खिडकीत लावायची मेणबत्त्यांची कमान, तोंडातून धूर सोडणारा लाकडी माणूस, खाणकऱ्याची आणि देवदूताची जोडी या सगळ्यांत अंधारात काम करणाऱ्यांची प्रकाशाची ओढ दिसते. हिवाळ्यात सूर्योदयाआधी खाली उतरून सूर्यास्तानंतर वर येणाऱ्यांना दिवस दिसतच नसे.

जागतिक वारसा यादीत हा प्रदेश केव्हा आला?

२०१९ मध्ये, जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या संयुक्त प्रस्तावावरून. एकूण २२ स्थळांपैकी १७ जर्मनीत आणि ५ चेक बाजूला आहेत. यादीतील नावात एर्ट्सगेबिर्गे आणि क्रुश्नोहोर्शी ही दोन्ही रूपे ठेवली आहेत, आणि फ्रायबेर्ग, आनाबेर्ग, याखिमोव्ह यांच्याबरोबर मृत्यूच्या लाल मनोऱ्याचाही समावेश आहे. अभिमानाच्या वास्तूंच्या शेजारी ही वास्तू ठेवण्याचा निर्णय अतिशय योग्य होता.

आता तेथे खाणकाम पूर्ण थांबले आहे काय?

जुने खाणकाम १९९० च्या सुमारास थांबले. आल्टेनबेर्गची कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली. सध्या चर्चा आहे ती लिथियमची. चेक बाजूचे सिनोव्हेत्स आणि जर्मन बाजूचे त्सिनवाल्ड (पूर्वी दोन्हींना त्सिनवाल्डच म्हणत) या गावांखाली एकच ग्रॅनाइटचा घुमट आहे. त्यातील लिथियमयुक्त अभ्रकाला त्सिनवाल्ड गावावरूनच 'झिनवाल्डाइट' म्हणतात आणि हा साठा युरोपातील सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी मानला जातो. कथील काढताना पूर्वीच्या लोकांनी हा अभ्रक ढिगाऱ्यात फेकून दिला होता. आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी तो काढण्याचे प्रकल्प दोन्ही देशांत आखले जात आहेत. रोजगार येईल म्हणून काही रहिवासी त्यांच्या बाजूने आहेत. धुळीचा, पाण्याचा आणि खचणाऱ्या जमिनीचा अनुभव ज्या गावांनी घेतला आहे, तेथील अनेक जण प्रक्रिया कोठे होणार, वाळूसारखा उरलेला गाळ कोठे टाकणार आणि विहिरींच्या पाण्याचे काय होणार, याची लेखी हमी मागत आहेत.